चार माणसांची कोंबडी



संपादकांनी या अंकासाठी कविता मागितली होती. कविता नाही. गेले दोन महिने मी एका कोंबडीचा विचार करतोय. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. आमच्या अभ्यासमंडळातही हसले. एक जण म्हणाला, शहाण्या, लोकांच्या घरांवर बुलडोझर फिरतोय आणि तू लिंबू पिळत बसलायस. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ज्या प्रश्नानं माझी झोप घालवली तो याच कोंबडीच्या पोटातनं निघाला, त्याला मी काय करू?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो होतो. रात्र दादरला काढली, सकाळी फोर्टला फुटपाथवरची जुनी पुस्तकं बघायला गेलो. कवितेचं काही मिळतंय का बघत होतो. हाताला लागलं कव्हर फाटलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक. साठ रुपयाला घेतलं. इटलीतल्या स्वयंपाकाचं पुस्तक, मार्सेला हझान नावाच्या बाईचं, १९९२ सालचं. का घेतलं? इंग्रजी वाचायची सवय व्हावी म्हणून. माझं इंग्रजी डिक्शनरीच्या काठीवर चालतं. राजकारणाचं पुस्तक घेतलं की एकेका पानात वीस वेळा काठी टेकावी लागते. स्वयंपाकाची भाषा सोपी असते. घ्या, धुवा, कापा, ठेवा.

रातपाळीत मी रिंगफ्रेमवर असतो. तुटलेला धागा जोडत साच्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, परत यायचं. जेवणाच्या अर्ध्या तासात एकेक पान वाचायचं. त्यात एक पान असं आलं की मी डबा खायचा विसरलो. कोंबडी, दोन लिंबं, मीठ, मिरे. बास. तेल नाही, तूप नाही, लोणी नाही, कांदासुद्धा नाही. चार वस्तू. श्रीमंताच्या भाषेत लिहिलेली ही पहिलीच पाककृती असेल जिच्यातल्या चारही वस्तू माझ्या घरी मिळतात. मिरे थोडे इकडून तिकडून.

कृती अशी. तीन ते चार पौंडाची, म्हणजे आपल्या हिशेबानं दीड किलोच्या आसपासची अख्खी कोंबडी घ्यायची, कातड्यासकट. धुऊन निथळत ठेवायची. आतनं-बाहेरनं मीठ-मिरे चोळायचे. लिंबं हाताखाली दाबून घोळवायची म्हणजे मऊ होतात. मग त्यांना टोचून कमीत कमी वीस भोकं पाडायची आणि दोन्ही लिंबं अख्खीच कोंबडीच्या पोटात घालून तोंड काड्यांनी बंद करायचं. अगदी गच्च नाही, नाहीतर फुटते. ओव्हनमध्ये छाती खाली करून अर्धा तास, उलटी करून पुन्हा अर्धा तास, शेवटी आच वाढवून वीस मिनिटं. कोंबडीची स्वतःची चरबी आणि लिंबाचा रस, एवढ्यावरच ती शिजते. खाली लिहिलंय : चार माणसांसाठी.

बाई कोण म्हणून शोधलं. १९२४ ला जन्मली, २०१३ ला वारली. विज्ञानातली डॉक्टरेट होती तिच्याकडं. १९५५ साली लग्न करून न्यूयॉर्कला गेली तेव्हा तिला स्वयंपाक येत नव्हता. परक्या गावात, परकी भाषा, नवऱ्याला दोन वेळचं करून घालायचं म्हणून स्वतःच शिकली. पुस्तकं इटालियनमध्ये लिहायची, नवरा इंग्रजी करायचा. शाळेनं न शिकवलेलं स्वतः शिकणारं माणूस कुठल्याही देशाचं असो, मला ते आपलं वाटतं. मी बारावीला शाळा सोडली आणि पुस्तकं धरली.

आता ते लिंबू घोळवायचं. आमची आई लिंबू पिळायच्या आधी जमिनीवर तळव्याखाली घोळवते. मी जन्मापासून बघतोय. तीच गोष्ट डॉक्टरेटवाल्या बाईनं छापली की ज्ञान, आणि आमच्या आईच्या हातात असली की सवय. आपल्याकडं छापलेला स्वयंपाक म्हणजे कुणाचा, हे तुम्हाला सांगायला नको. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ निघालं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, लेकीला सासरी जाताना ते देत. आमच्या चान्या, आमच्या रक्ती, आमच्या आळणी रश्श्याला छापील पान मिळायला २०१५ साल उजाडलं. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ त्या वर्षी आलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईवर आधीच होती. एका हातानं आमच्या खाण्याला पुस्तक मिळालं, दुसऱ्या हातानं ताट ओढलं.

पण मी भरकटलो. कोंबडीकडं येतो.

रविवारी चिकनच्या दुकानात गेलो. “अख्खी द्या, कातडं काढू नका, तुकडे करू नका.” तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, “पूजेला पाहिजे का?” मी म्हणालो, “खायला.” “आरं मग तुकडं नको व्हय?” मागची रांग हसली. तेव्हा कळलं, अख्खी कोंबडी आमच्या वस्तीत फक्त देवाला जाते. माणसाला तुकडे.

घरी आलो. आज्जी उंबऱ्यात बसलेली. मी गोधडीच्या दाभणानं लिंबाला भोकं पाडतोय, शेजारी नागडी अख्खी कोंबडी. आज्जी ओरडली, “करणी करतोस व्हय रं मुडद्या? कुनावर?” आता तुम्हीच सांगा. कोंबडी, लिंबू, वर टोचलेलं. तिकाटण्यावर टाकायच्या उताऱ्यात याहून निराळं काय असतं? आज्जीचा बाप छप्पनच्या धर्मांतरातला. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला तेव्हा मोर्च्यात ती पुढं होती असं आबा सांगतात. पण टोचलेलं लिंबू बघितलं की अजून तिच्या पोटात गोळा येतो.

मी समजावून सांगितलं. तर गप्प झाली आणि मग हळूच म्हणाली, “आमी खाल्लीया उताऱ्याची कोंबडी. लानपनी. लोक भ्यायचे, टाकून पळायचे. आमाला भूक लागल्याली. भूक मोठी का भूत मोठं?”

दोस्त हो, हे वाक्य एखाद्या प्राध्यापकानं म्हटलं असतं तर त्यावर चर्चासत्र झालं असतं. ज्या कोंबडीला हात लावायला सगळा गाव थरथरायचा ती आमच्या पोरांनी चुलीवर भाजली आणि कुणाला काही झालं नाही. म्हणजे भुताचा पहिला शास्त्रीय प्रयोग आमच्याच वाड्यात झाला. पण या गोष्टीवर मला नुसता अभिमान वाटत नाही. कारण ती कोंबडी कुणीतरी टाकलेली होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र सेवकाला उष्टं अन्न द्यायला सांगितलंय, चांडाळाला फुटक्या भांड्यात. उतारा म्हणजे त्याचीच गावठी आवृत्ती. म्हणूनच १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी पाण्याला हात घालतानाच मेलेलं मांस सोडा, शिळंउष्टं सोडा म्हणून सांगितलं. आज आमच्यातले काही जण फार हौसेनं म्हणतात की ते सगळं आपली संस्कृती होती, ते परत खाल्लं पाहिजे. चान्या आवडत असतील तर जरूर खा. मलाही आवडतात. पण टाकलेलं खावं लागणं आणि आवडीनं खाणं यातला फरक पुसू नका. बाबासाहेबांनी तो रेघ मारून दाखवलाय.

आमच्याकडं ओव्हन नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या चाचांना विचारलं, पावाचा घाणा निघाल्यावर भट्टीत ठेवू का? चाचा म्हणाले, “बेटा, मला काय नाही, पण पावाला वास लागला तर गिऱ्हाईक जाईल. त्यातले निम्मे शाकाहारी.” वाईट वाटलं, पण त्यांचंही पोट आहे. मग आईनंच अक्कल काढली. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात नदीची वाळू, वाळूत तिवई, तिवईवर ताटली, ताटलीत कोंबडी, वर झाकण, झाकणावर निखारे. मागं परड्यात चूल पेटवली. नानकटाई अशीच करतात म्हणाली. वाळू तापायलाच पाऊण तास गेला. पुस्तकात दीड तासाच्या आत होणारी कोंबडी आमच्याकडं अडीच तासांनी झाली. पुस्तकात धूर नाही. पुस्तकात डोळे पुसणारं कुणी नाही. पुस्तकातलं ओव्हनचं बटण फिरवलं की आच वाढते, इथं आईनं पदरानं निखारे सरकवले.

लिंबाचीही एक गंमत. पुस्तकातलं लिंबू मोठं, जाड सालीचं, ते झाडच वेगळं. आपलं कागदी लिंबू लहान, पातळ सालीचं, आंबट जहाल. दोनाच्या जागी मी पाच घातली. चूक झाली. थोडा कडवटपणा उतरला. नकल करताना मापाची नकल करून भागत नाही, हे मी धाग्यावरनं शिकायला पाहिजे होतं. कापूस बदलला की साच्याची सेटिंग बदलते.

शिजली मात्र. रंग फिका, पण मांस मऊ, आणि कापलं की आतनं लिंबाचा वास असलेलं पाणी सुटत होतं. ताटात ठेवली. अख्खी.

इथून पुढं गंमत संपली.

आम्ही सात जण. आज्जी, आबा, आई, मी, धाकटा, माहेरी आलेली ताई आणि तिची चार वर्षांची पोरगी. पुस्तक सांगतं चार माणसांसाठी. आमच्या घरी चार माणसांची कोंबडी म्हणजे काय, हे आजपर्यंत कधी कळलंच नव्हतं, कारण आमची कोंबडी रश्श्यात बुडालेली असायची. रस्सा हे गरिबाचं गणित आहे. माणूस वाढला की तांब्याभर पाणी आणि मूठभर खोबरं-कांदा वाढवायचा. रश्श्यात सगळ्यांना सारखंच तांबडं दिसतं. कुणाच्या वाटीत पाय गेला, कुणाच्या वाटीत नुसती मान, ते तर्री झाकून टाकते. मी या रश्श्यावर कविता केलीय. समतेचं प्रतीक म्हणून! वाचून टाळ्याही पडल्यात.

आता ताटात रस्सा नव्हता. दोन पाय, दोन पंख, एक छाती, एक पाठ, एक मान. सगळं उघडं. सात माणसं बघतायत. आणि सुरी माझ्या हातात.

मी एक पाय आज्जीला दिला. दुसरा आईला. आईनं तो उचलला आणि न थांबता धाकट्याच्या ताटात ठेवला. कुणी सांगितलं नाही, विचार केला नाही, हातच गेला. साच्यावर तुटलेल्या धाग्याकडं माझा हात जातो तसा. मी म्हणालो, “आई, तुझा हाय तो.” ती म्हणाली, “मला न्हाई आवडत पाय. मला मान दे.”

सव्वीस वर्षं मी समजत होतो की माझ्या आईला कोंबडीची मान आवडते. तुमच्या आईला काय आवडतं, मित्रांनो? विचारून बघा. बहुतेकांच्या आया मान, पाठ आणि पातेल्याच्या बुडाचा रस्सा आवडणाऱ्याच निघतील. हा योगायोग कसला?

मी हट्ट धरला. “मान का आवडती? खरं सांग.” आबा म्हणाले, “जेवू दे की तिला, काय वकिली लावलीयस.” आई आधी हसली. मग म्हणाली, “सुरवातीला मानच उरायची. मग तीच बरी लागाय लागली.” मी म्हणालो, “मग तुला खरं काय आवडतं?” ती बराच वेळ काही बोलली नाही. पोरगीचा घास भरवत होती. नंतर म्हणाली, “आता इचारलंस, तर मला सांगता येत न्हाई बघ. कुनी इचारलंच न्हवतं.”

झोप गेली ती या वाक्यानं.

प्रत्येक पाककृतीत एक शब्द असतो : चवीनुसार. मीठ चवीनुसार, तिखट चवीनुसार. लिहिणारा धरून चालतो की वाचणाऱ्याकडं एक चव आहे, त्याची स्वतःची, डोळ्याच्या रंगासारखी जन्मानं मिळालेली. मी म्हणतो ती तशी नसते. चव म्हणजे निवडीची आठवण. ज्याला दहा वेळा निवडायला मिळालं त्याला अकराव्या वेळी आवड सांगता येते. ज्याला उरलेलंच मिळालं त्याची जीभ उरलेल्याशी तडजोड करते आणि त्या तडजोडीला आवड म्हणायला शिकते. मालक म्हणतो, या लोकांना असलंच आवडतं. गुलामही म्हणतो, मला असलंच आवडतं. दोघांचं वाक्य एकच, म्हणून ते खरं होत नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर आम्हाला जातीच्या बाबतीत ठाऊक आहे. बरोबर. माझी पंचाईत तीच आहे. बाहेरच्याबद्दल आम्हाला सगळं ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण बाण्याचा धागा संपला की कांडीचं टोक धोट्यातनं तोंडानं ओढावं लागे आणि स्पृश्य विणकऱ्यांना आमची थुंकी चालत नसे. जास्त पगाराचं खातं आमच्या तोंडामुळं बंद! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. माझा पणजा त्या काळात रिंगखात्यातच राहिला. आजा पण त्याच खात्यात, ८२ च्या संपात घरी बसेपर्यंत. मी पण रिंगवरच आहे. हे मी भाषणात सांगतो तेव्हा माझा आवाज चढतो. पुण्यात २०१७ साली एका शिकलेल्या बाईनं स्वयंपाकिणीनं जात लपवली म्हणून पोलिसात तक्रार दिली, त्यावर मी मोर्च्यात घोषणा दिल्या. आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन आईनं वाढलेलं, पाय असलेलं ताट ओढून घेतलं. आईनं नंतर काय खाल्लं, बघितलं नाही.

अभ्यासमंडळात हे मांडलं तेव्हा दोन प्रकारची उत्तरं आली. एक जण म्हणाला, हा मध्यमवर्गीय अपराधगंड आहे, आईचं प्रेम असतं ते, त्याला शोषण म्हणू नकोस. प्रेम आहे, मान्य. पण प्रेम नेहमी एकाच बाजूनं मान का खातं? आबांचंही आईवर प्रेम आहे, त्यांनी कधी मान मागितलेली आठवत नाही. दुसरा म्हणाला, बौद्ध माणसानं कोंबडीच सोडावी, प्रश्न मिटला. त्याला मी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ दाखवलं. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज, असा भेद बाबासाहेबांनी केलाय. त्यावर वाद झाला, अजून चालू आहे. पण समजा कोंबडी सोडली. मग डाळीच्या वरचं कुणाचं आणि बुडाचं कुणाचं, हा प्रश्न राहतोच की.

मंडळातली एक बाई, ती एकटीच त्या दिवशी आलेली, सगळं ऐकून म्हणाली, “तुम्ही आईला पाय दिलात ते ठीक. पण वाटप तुमच्याच हातात होतं ना? सुरी तिच्या हातात का नाही दिली?” मी गप्प. खरं सांगतो, डोक्यातच आलं नव्हतं. मी समता वाढायला निघालो होतो, वाढप्या होऊन.

चवदार तळ्याचं नाव मला नेहमी विचार करायला लावतं. चवदार! बाबासाहेब म्हणत होते की ते पाणी प्यायल्यानं आम्ही अमर होणार नाही, इतके दिवस प्यालो नाही म्हणून मेलोही नाही, प्रश्न माणूस म्हणून हक्काचा आहे. हक्क आधी, चव नंतर. बरोबर होतं, तेव्हा तसंच म्हणायला पाहिजे होतं. पण आता आम्ही नळाच्या, टाकीच्या, बिसलरीच्या काळातले आहोत. हक्क कागदावर आहे, पुष्कळ ठिकाणी तोही नाही. तरी जिथं थोडा मिळालाय, आमच्या त्या दोन खोल्यांच्या आत, तिथं चवीचा प्रश्न पुढच्यावर ढकलायचा किती दिवस? आणि चव म्हणजे चैन, असं मला वाटत नाही. आपल्याला काय हवं ते सांगता येणं ही माणूसपणाची अगदी खालची पायरी आहे. संप करतानाही मागणी लिहावी लागते. जिला कोंबडीतला तुकडा मागता येत नाही ती मागणीपत्रकात काय लिहिणार?

याला कुणी उत्तर द्यावं. मी चुकत असलो तर पुढच्या अंकात झोडा. 

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. आबा म्हणाले, “बरी हाय, पर तिखट कुठाय?” ताईनं कांदा-लसणाची चटणी आणली, सगळ्यांनी ती लावून खाल्ली. पोरगीला ती कडवट साल सोडून सगळं आवडलं. हाडं आणि ताटलीत राहिलेलं आंबट पाणी आईनं वाया जाऊ दिलं नाही. संध्याकाळी त्यात कांदा-खोबरं वाटून घातलं, पाणी वाढवलं आणि भाकरीबरोबर सात जणांचा रस्सा केला. दुपारच्या कोंबडीपेक्षा तो चांगला झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. लिंबानं त्याला एक वेगळी धार आली होती. कुठल्या पुस्तकात नसेल तो.

पुढच्या रविवारी नेहमीसारखी तुकड्यांची कोंबडी आणली. मी पळी आईच्या हातात दिली आणि म्हणालो, आधी तुझं वाढून घे. ती लाजली. “काय तरीच तुझं” म्हणाली. पातेल्यात पळी फिरवत राहिली, फिरवत राहिली. मग एक बारकासा तुकडा बाहेर काढला, आपल्या वाटीत ठेवला आणि म्हणाली, “काळीज मी घेते.”

काळीज आजपर्यंत धाकट्याचं असायचं. तो रुसला, ताट सारून उठला. आईचा हात वाटीकडं गेला. मी तो धरला. कुणीच काही बोललं नाही. आज्जी मात्र म्हणाली, “धाकल्याला बलीव, रस्सा गार व्हतोय.”